१९७४चा छोटा फेंडर चॅम्प पुण्यात आणायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या मामांना शेजाऱ्याकडून १९७४च्या सुमाराचा फेंडर चॅम्प हा गिटारचा छोटा ॲम्प मिळतोय आणि दिवाळीला येताना ते तो भाच्यासाठी आणणार आहेत. भाचा कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो, टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि आजवर ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर आणि मोबाइलच्या ॲपवर भागवत आलाय. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: हा ॲम्प इथल्या विजेवर चालेल का, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या जागी काम करणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि स्पीकर सरसकट बदलावेत का, आणि पाच वॅट पुरतील का.

चालेल, पण थेट भिंतीतल्या सॉकेटवर नाही. सरसकट काहीही बदलू नका. आणि पाच वॅट पुरतील का ही काळजी तुम्ही नाही, तुमच्या शेजाऱ्यांनी करायची आहे.

आता सविस्तर. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या छोट्या ॲम्पपैकी निम्म्यांचं नुकसान वयानं झालेलं नसतं, हौसेनं झालेलं असतं. कुणीतरी आवाज ‘सुधारायला’ जातो आणि अर्थिंग मात्र तसंच लोंबकळत राहतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वीज सुरक्षित करायची, मग जेवढं खरंच मेलंय तेवढंच बदलायचं, आणि त्यानंतर झाकण लावून गिटार हातात घ्यायची.

चॅम्प हा फेंडरचा शिकाऊ मुलांसाठीचा ॲम्प. १९४८च्या चॅम्पियन ८००पासून हे घराणं सुरू होतं. पन्नाशीच्या दशकातल्या कापडी आवरणाच्या चॅम्पवर फक्त एकच बटण होतं, आवाजाचं. १९६४मध्ये एए७६४ नावाचं सर्किट आलं आणि ट्रेबल-बास अशी दोन बटणं वाढली. १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं घेतली, १९६८पासून पुढची पट्टी काळ्याची चंदेरी झाली, आणि मोठ्या मॉडेलांच्या सर्किटमध्ये बरीच ढवळाढवळ झाली. चॅम्पच्या वाटेला मात्र फारसं कुणी गेलं नाही. त्यात बिघडवण्यासारखं होतंच काय? सिग्नल मोठा करणारा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकरला ताकद देणारा एक ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणारा एक ५वाय३ रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि आठ इंची स्पीकर. त्यामुळे चंदेरी पट्टीचा चॅम्प म्हणजे जवळजवळ काळ्या पट्टीचाच चॅम्प, फक्त बाजारात बराच स्वस्त. मामांचा सौदा चांगला आहे.

विजेचं बघू. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलात तर फ्यूज उडेल हे नशीब, ट्रान्सफॉर्मर जळेल ही शक्यता. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच. चॅम्प चाळीस वॅटच्या आसपास वीज खातो, त्यामुळे १०० व्हीएचा पुष्कळ झाला. पण तो खराखुरा, लोखंडाच्या पट्ट्यांचा, हातात जड लागणारा हवा. विमानतळावर मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर हेअर ड्रायरसाठी असतात. ते विजेची लहर कापून व्होल्ट कमी करतात. त्यावर व्हॉल्व्हचा ॲम्प लावायचा नाही.

व्होल्टचं गणित सगळ्यांना कळतं, हर्ट्झकडे कुणी बघत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात वाढतं. १२० भागिले ६० म्हणजे २. तेच १२० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर २.४. म्हणजे पाचव्या हिश्शानं जास्त, आणि जुना ट्रान्सफॉर्मर त्या मानानं तापतो. १०० व्होल्ट दिले तर गणित बरोबर २ वर येतं, पण मग व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ऐवजी ५.४ व्होल्ट मिळतात, तेही बरं नाही. दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली जायचं नसतं. ११० व्होल्ट हा मधला मार्ग. फिलामेंटला साधारण ५.९ मिळतात आणि गाभ्यावरचा ताण आवाक्यात राहतो. म्हणून दुकानात ‘२३० ते ११०’ मागा, ‘२३० ते १२०’ नको. आपल्याकडे संध्याकाळी उशिरा लाइन २४५ला गेली तरी आउटपुट ११७च्या आसपास राहतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलंत तर वाइंडिंग करून देणारे अजूनही सापडतात. प्रायमरी आणि सेकंडरी वेगवेगळ्या गुंडाळलेला घ्या. एकाच वेटोळ्यातून टॅप काढलेला ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण फेज-न्यूट्रल उलटं झालं की त्याच्या आउटपुटच्या दोन्ही तारा अर्थच्या मानानं अंगावर येण्याइतक्या वर असतात.

आता अर्थिंग. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात, आणि तुमचा हात त्या तारांवर असतो. १९७४च्या चॅम्पला तीन पिनांची वायर असायला हवी, पण अमेरिकेतल्या जुन्या घरांत दोन भोकांची सॉकेटं असल्यामुळे लोकांनी तिसरी गोल पिन पकडीनं तोडलेली सर्रास दिसते. मामांना फोनवर आधी हेच विचारा. आणि पिन शाबूत असली तरी काम संपलं असं समजू नका. बाजारातल्या कितीतरी स्टेप-डाउन डब्यांवर तीन भोकांचं अमेरिकन सॉकेट दिसतं, आत मात्र अर्थची तार जोडलेलीच नसते. तपासणी सोपी आहे. काहीही सॉकेटला न लावता ॲम्पची वायर डब्यात खोचा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक डब्याच्या भारतीय प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं ॲम्पच्या इनपुट जॅकच्या नटाला लावा. बीप वाजला पाहिजे. वाजला नाही तर डबा उघडून तार ओढून घ्यायची, आणि तोवर ॲम्प चालू करायचा नाही. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांनी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगसुद्धा वायरमनकडून तपासून घ्यावं. जाड पिनेचं भोक आहे म्हणून मागं अर्थ असतोच असं नाही.

इथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो चांगल्या वायरमनलाही चकवतो. अमेरिकन वायरिंगमध्ये काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. सवयीनं हात चालवणाऱ्यानं अमेरिकन वायरच्या टोकाला भारतीय प्लग बसवला की काळी न्यूट्रलला जाते, आणि फ्यूज व स्विच दोन्ही न्यूट्रलवर येऊन बसतात. ॲम्प वाजतो, कुणाला काही कळत नाही. पण स्विच बंद केल्यावरही आत फेज जिवंत असते. हिरवी मात्र दोन्हीकडे अर्थच. आणि या ॲम्पच्या वायरला भारतीय प्लग बसवूच नका असं माझं मत आहे. वायरला भारतीय प्लग असला की कुणीतरी एक दिवस ती सरळ २३०ला लावतोच. मूळ अमेरिकन प्लग राहू द्या.

कायमचा उपाय म्हणजे २३० व्होल्ट प्रायमरीचा, ५० हर्ट्झसाठीचाच पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवणं. ॲम्प कायम इथंच राहणार असेल आणि रोज तासन्‌तास वाजणार असेल तर करा. मग फ्यूज मूळच्या निम्म्या ॲम्पिअरचा घालायचा हे विसरू नका, आणि तेव्हा प्लगही भारतीयच. मूळ ट्रान्सफॉर्मर जपून ठेवा. पण पहिल्या वर्षी तरी डब्यावर चालवा, घाई नाही.

ॲम्प हातात आला की लगेच चालू करण्याचा मोह आवरा. आधी मागची फळी काढून नुसतं बघा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६नं सुरू होणारा आकडा दिसेल. ६०६ म्हणजे शुमाकर ही ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी. पुढे ४१५ असेल तर वर्ष ४नं संपणारं आणि पंधरावा आठवडा. चंदेरी पट्टी असल्यामुळे ते १९६४ नाही, १९७४च. बटणांच्या पॉटवर (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टन्सवर) १३७ ७४०८ असं काही असेल तर सीटीएस कंपनी, १९७४, आठवा आठवडा. स्पीकरवर ४६५ असेल तर ऑक्सफर्ड. सगळे आकडे एकमेकांच्या आसपास आले तर ॲम्पला फारसा कुणाचा हात लागलेला नाही. स्पीकर १९९०चा आणि ट्रान्सफॉर्मर १९७४चा असेल तरी रडू नका, फक्त तेवढ्या हिशेबानं पैसे द्या.

मग तो एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे न्या. स्वतः उघडू नका, हे अगदी स्पष्ट सांगतो. आतल्या फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे वीजपुरवठा गुळगुळीत करणाऱ्या भागांवर, साडेतीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथं टिकून राहू शकतात. मेकॅनिकचा अनुभव किती ते त्याच्या टेबलावर कळतं. त्याच्याकडे सिरीज बोर्ड असेल, म्हणजे २३०च्या लाइनमध्ये साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडलेला, तर माणूस कामाचा आहे. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. स्टेप-डाउनच्या आधी तो बल्ब घालून ॲम्प पहिल्यांदा चालू करायचा. बल्ब क्षणभर भक्क पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बनं तुमचा पॉवर ट्रान्सफॉर्मर वाचवला. काही जण व्हेरिॲकनं, म्हणजे कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं, व्होल्ट हळूहळू चढवायला सांगतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या ॲम्पमध्ये त्यात फारसा अर्थ नाही. ५वाय३चं फिलामेंट पुरेसं तापेपर्यंत पुढं काहीच जात नाही आणि नंतर एकदम जातं.

काय बदलायचं? फिल्टर कंडेन्सर. पन्नास वर्षं म्हणजे अशा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आयुष्याच्या कितीतरी पट झाली. ‘चालतोय ना’ हा युक्तिवाद इथे ऐकायचा नाही, कारण ते जाताना एकटे जात नाहीत, रेक्टिफायरला आणि ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. चंदेरी चॅम्पमध्ये ते एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात असतात. डबा जागेवर दिसायला ठेवून आत चेसिसमध्ये २२ मायक्रोफॅरड, किमान ४५० व्होल्टचे नवे बसवता येतात. ५०० व्होल्टचे मिळाले तर उत्तम. गुणगुण कमी होईल म्हणून पहिल्या जागी शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचा ठोकळा लावणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना हात जोडून नको म्हणा. प्रत्येक वेळी तो भरताना ५वाय३मधून जो करंट धावतो त्यासाठी तो व्हॉल्व्ह बनलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरडचे छोटे कंडेन्सर. ते सुकले की ॲम्प मेंगळट वाजतो आणि लोकांना वाटतं व्हॉल्व्ह गेले. बाकीचे, एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे सिग्नल नेणारे जुने कपलिंग कंडेन्सर गळत नसतील तर त्यांना हात लावायचा नाही. गळतात का हे कळायला मेकॅनिकला एक मोजमाप पुरतं: ॲम्प चालू, गिटार नाही, आणि ६व्ही६च्या पाच नंबर पिनवर डीसी व्होल्ट. उत्तर शून्याजवळ हवं. तिथं अधिकचे व्होल्ट दिसले तर कंडेन्सर गळतोय किंवा व्हॉल्व्ह खराब आहे. दुसरा ६व्ही६ घालून पाहिला की कोण दोषी ते कळतं.

त्याच बैठकीत आठ नंबर पिनही मोजून घ्या. ती ४७० ओहमच्या रेझिस्टन्समधून जमिनीला गेलेली असते. समजा २० व्होल्ट आले, तर २० भागिले ४७०, म्हणजे साधारण ४२ मिलिॲम्पिअर. प्लेट आणि कॅथोड यांच्यात ३२० व्होल्ट असतील तर व्हॉल्व्ह तेरा वॅटच्या घरात उष्णता पचवतोय. ६व्ही६ची कमाल मर्यादा जुन्या मोजणीनं बारा वॅट, नव्या मोजणीनं चौदा. चॅम्प असाच काठावर चालवायला बनवलाय, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण अंधारात पाहून व्हॉल्व्हची राखाडी प्लेट लाल होताना दिसली तर तत्क्षणी बंद. नारिंगी फिलामेंट दिसणं वेगळं, ते दिसायलाच हवं. या ॲम्पमध्ये बायस (व्हॉल्व्हचा स्थिर करंट) आपोआप सांभाळला जातो, म्हणून ६व्ही६ बदलताना जुळवणीसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. एकच व्हॉल्व्ह आहे, जुळवणार कोणाशी?

व्हॉल्व्हबद्दल लोक फार हळवे होतात. शेजाऱ्याच्या ॲम्पमध्ये जुने अमेरिकन आरसीए किंवा सिल्व्हेनिया असण्याची शक्यता बरीच आहे, आणि असतील तर ते आजच्या नव्यांपेक्षा जास्त टिकतील. चांगले वाजत असतील तर ठेवा. नवे घ्यायची वेळ आली तर स्लोव्हाकियाचा जेजे ६व्ही६ जास्त व्होल्ट निमूट सहन करतो. जुन्या बाजारात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एकेकाळचे रेडिओचे व्हॉल्व्ह अजून अधूनमधून दिसतात. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, त्यामुळे त्या नावानं मिळाला तर घेऊन ठेवा. रेक्टिफायरवर मात्र पैसे उधळू नका. ‘जुना ५वाय३ लावला की आवाज कसा दबतो आणि फुलतो’ अशा गोष्टी मोठ्या, दोन पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या बाबतीत खऱ्या आहेत. चॅम्पचा एकटा ६व्ही६ शांत बसला काय आणि जोरात वाजला काय, सरासरी जवळजवळ तेवढाच करंट ओढतो, मग रेक्टिफायर दबणार कशामुळे? चॅम्पमध्ये तुम्हाला जो दाब जाणवतो तो पॉवर व्हॉल्व्ह माथा टेकल्यामुळे आणि त्या बिचाऱ्या आठ इंची कागदामुळे.

गुणगुण थोडी राहणारच. दोन पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये पुरवठ्यातली गुणगुण एकमेकांविरुद्ध जाऊन बरीचशी मिटते, इथे एकटा व्हॉल्व्ह आहे, मिटवणार कोण? शिवाय ५० हर्ट्झवर फिल्टरला काम थोडं जास्त पडतं. गिटार न लावता, बटण शून्यावर असताना, चार हातांवरून ऐकू येत नसेल तर ॲम्प निरोगी आहे. त्याहून जास्त असेल तर ॲम्प बंद करून, गार झाल्यावर १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. गुणगुण तशीच राहिली तर दोष पुरवठ्यात किंवा ६व्ही६कडे. गेली तर मागे प्रीॲम्पकडे. खरखर असेल तर प्लेटला जोडलेले १०० किलोओहमचे रेझिस्टन्स आधी संशयित. व्हॉल्व्हला पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण्ण आवाज आला तर तो व्हॉल्व्ह खुळखुळा झालाय. स्पीकरच्या पेटीतच बसवलेल्या ॲम्पमध्ये हे लवकर होतं, कारण बिचाऱ्याला सतत हादरे.

स्पीकर मूळ असेल, फाटलेला नसेल, तर त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणून नव्हे, तर बदलायची घाई नाही म्हणून ठेवा. मल्टिमीटरवर ३ ते ३.५ ओहम दिसले की तो चार ओहमचा आहे. कागदाला कडेला छोटी चीर असेल तर पातळ कागद आणि डिंक पुरतो. गाडीचा आठ इंची स्पीकर बसवू नका. त्यांचा कागद जड असतो, आणि पाच वॅटच्या ॲम्पला परवडत नाही ती नेमकी संवेदनशीलतेची कमतरता. ३ डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर लावणं म्हणजे वॅट दुप्पट करणं. आणि स्पीकरची तार काढून ॲम्प कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो या ॲम्पचा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

आता वाजवण्याकडे, कारण शेवटी एवढा खटाटोप त्यासाठीच.

तुमच्याकडे टेलिकास्टर आहे, म्हणजे अर्धं काम झालं. पहिल्या नंबरच्या इनपुटला लावा. दुसऱ्यात सिग्नल निम्मा होतो, तो हमबकर, म्हणजे जोरकस दुहेरी पिकअप असलेल्या गिटारवाल्यांसाठी. ट्रेबल ५, बास ३, आवाज ४. इथं सगळं स्वच्छ, टणटणीत ऐकू येईल, काहीसं पोकळ. ते पोकळपण बटणांच्या सर्किटमुळे येतं, ट्रेबल-बासची ही जोडी मधले सूर खाते. मधले सूर हवे असतील तर वेगळं बटण नाही, पण ट्रेबल आणि बास दोन्ही २वर आणा आणि आवाज वाढवा. जे खालून-वरून गेलं ते गेलं, मधलं पुढे येतं. हे पहिल्यांदा ऐकताना लोकांना वाटतं की मी गुपचूप ॲम्प बदलला.

मग आवाज ७वर न्या आणि गिटारचं बटण ४वर. हीच चॅम्पची खरी जागा. हळू छेडलंत तर स्वच्छ, जरा दाबून प्लेक्ट्रम मारलंत तर कडेला खरड, आणि गिटार १०वर नेली की सरळ फाटतो. सहावी तार मोकळी वाजवून लक्ष द्या: आघात बोथट होतो, सूर क्षणभर आत दबतो आणि मग पसरतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर शिकलेला हात इथे पहिले काही दिवस चिडतो, कारण जोर काढला तरी आवाज वाढत नाही, फक्त पोत बदलतो. नंतर उजवा हात हलका होतो. खालच्या तारांवर गिचका व्हायला लागला तर बास १वर. आठ इंचाच्या कागदाकडून घुमणारा खर्ज मागू नये. पेडल घालायचाच असेल तर खर्ज कापणारा ओव्हरड्राइव्ह, तोही कमी फाटणारा आणि जास्त ढकलणारा. मुळात पहिला महिना एकही पेडल नको.

ॲम्प जमिनीवर ठेवलात तर खर्ज वाढतो, स्टुलावर ठेवलात तर सूर मोकळे होतात आणि तुम्हाला नेमकं काय वाजतंय ते ऐकू येतं. मागची बाजू अर्धी उघडी आहे, म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. आवाज कमी करायला गोधडी टाकणारे मी पाहिलेत. कृपा करून नको, व्हॉल्व्हची उष्णता जाणार कुठे?

आवाज म्हणाल तर, ५ वॅट आणि ५० वॅट यांत दहा डेसिबलचा फरक, आणि कानाला तो साधारण दुपटीचा वाटतो. दहापट नव्हे. म्हणजे चॅम्प हा पन्नास वॅटच्या ॲम्पच्या निम्म्या आवाजाचा. दिवाणखान्यात सातवर ठेवलेला चॅम्प एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो. निवासी भागासाठी कायद्यानं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. वरच्या मजल्यावरच्या काकू डेसिबल मोजत नाहीत, त्या खाली येतात. म्हणून चार ओहमला जुळणारा अटेन्युएटर घ्या, म्हणजे आवाज कमी करणारा, स्पीकर आणि ॲम्प यांच्या मध्ये बसणारा. ३-४ डेसिबल कमी केलं तर आवाजाचं चरित्र टिकतं, पंधरा कमी केलं की माश्या घोंघावल्यासारखं वाजतं. त्यापेक्षा दुपारी चार ते सहा वाजवा.

ड्रमरबरोबर वाजवायचं तर चॅम्प एकटा पुरणार नाही. स्पीकरच्या मध्यापासून जरा कडेला मायक्रोफोन लावून आवाज मुख्य सिस्टिमला द्या. रेकॉर्डिंगमध्ये हेच ॲम्प विलक्षण मोठे वाटतात, कारण माइकला खोली दिसत नाही, फक्त कागद दिसतो. १९७०मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टननं चॅम्पसारखे छोटे ॲम्प वापरले होते, ते याच कारणासाठी. घरातच मोठा आवाज अनुभवायचा असेल तर आतला स्पीकर सोडून चार ओहमची बारा इंची पेटी लावून बघा. आठ ओहमची लावली तरी काही बिघडत नाही, थोडी ताकद कमी मिळते. तोच ॲम्प आहे यावर विश्वास बसत नाही.

पुण्याच्या पावसाळ्याची काळजी वेगळी, मुंबई-कोकणची तर विचारूच नका. जुन्या फेंडरमध्ये सुटे भाग काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असतात आणि ती पट्टी ओलावा धरते. ऑगस्टमध्ये अचानक फुसफुस, खरखर सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये आपोआप गेली तर भाग बदलत बसू नका. मेकॅनिकला मल्टिमीटरचं टोक पट्टीच्या रिकाम्या जागी टेकवायला सांगा. तिथं काही व्होल्ट दिसले तर पट्टीच गळतेय. ड्रायरच्या कोमट हवेनं ती वाळवता येते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात ॲम्प आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवणं. कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट, बुरशी आवरणावर आणि स्पीकरच्या कागदावर दोन्हीकडे धरते.

बदल करण्याच्या सूचना तुम्हाला ढीगभर मिळतील: मधल्या सुरांचा रेझिस्टन्स काढा, फीडबॅक तोडा, मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावा. पहिल्या दोन गोष्टी परत फिरवता येतात, म्हणून वर्षभरानंतर हौस असेल तर करा. चेसिसला नवं भोक पाडायला सांगणाऱ्याकडून ॲम्प परत घ्या.

मामांना आजच सांगायच्या गोष्टी: अर्थची पिन आहे का ते पाहा आणि प्लगचा फोटो पाठवा. मागची फळी काढून ट्रान्सफॉर्मर व स्पीकरवरच्या आकड्यांचे फोटो काढा. तिथंच अर्धा तास वाजवून कुठे जळका वास, लाल प्लेट नाही ना ते बघा. निघण्याआधी तिन्ही व्हॉल्व्ह गार झाल्यावर सॉकेटमधून सरळ ओढून काढायचे, कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहून मऊ कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवायचे. ॲम्पच्या आत मोकळ्या जागेत कपडे भरायचे, पण स्पीकरच्या कागदावर दाब येईल असे नाही. कस्टमसाठी शेजाऱ्याकडून किमतीची साधी सही केलेली पावती घ्या. आणि ११० व्होल्टचा डबा तिकडून आणू नका, इथं बनवून घ्या.